घरावरचं कंडम

आमच्या घराला नाव होतं. नाशिक-पुण्याकडच्या बंगल्यांना असतं तसं, दाराच्या बाजूला, हातभर उंच पांढऱ्या अक्षरांत, आणि तेही इंग्रजीत. सगळ्या पंचक्रोशीत इंग्रजी नावाचं घर एकच, ते आमचं. नाव होतं कंडम.

हसा, हसा. मीही हसते. पण माझ्या मायला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नाही. सकाळी सडा घालून झाला की ती त्या अक्षरांना हळद-कुंकू लावायची. पहिलं अक्षर चंद्रकोरीसारखं होतं, त्याला कुंकवाचं बोट. शेवटचं पोट सुटलेलं, त्याला हळदीचं. मधल्यांना आलटून पालटून. वर्षानुवर्षं लावून लावून त्या पांढऱ्या रंगावर पिवळे-तांबडे डाग इतके पक्के बसले होते की पावसानेही जात नसत.

घर म्हणजे काय, तर रेल्वेचा मालडबा. बाबा रेल्वेत गँगमन होते. रूळ ठोकणं, गिट्टी भरणं, उन्हापावसात लाइनीवरून चालणं, हे त्यांचं काम. आमचं ठेसन नंदुरबारहून नवापूरकडे जाताना लागणारं, अगदी बारकं. तिथे मास्तरला पक्कं घर होतं, बाकीच्यांना झोपड्या. एका पावसाळ्यात बाबांची झोपडी बसली, तेव्हा वरच्या साहेबाने सांगितलं, तो जुना डबा पडलाय ना निंबाखाली, त्यात राहा. डब्याची चाकं कधीच काढून नेली होती. रुळांखालच्या चार जुन्या लाकडी स्लीपरांवर तो टेकवलेला, एका बाजूला सरकतं लोखंडी दार, आणि दाराशेजारी ते लिहिलेलं.

माय प्रकाशाजवळची, तापीकाठची. लग्न होऊन आली ती सरळ या डब्यात. पहिल्याच दिवशी तिने बाबांना विचारलं, "हाई काय लिखेल शे?" बाबांना मराठी अक्षरसुद्धा येत नव्हतं, इंग्रजी कुठून येणार? पण नव्या बायकोसमोर 'माहीत नाही' कोण म्हणतं? ते ठसक्यात म्हणाले, "साहेबनी लिखेल शे. हाई जठलोंग शे, तठलोंग आपलेले आठेथून कोन्ही काढाव नही." जोवर हे अक्षर आहे तोवर आपल्याला इथून कोणी काढणार नाही. मायने लगेच पदर डोक्यावर घेऊन त्या अक्षरांना हात जोडले. दुसऱ्या दिवसापासून हळद-कुंकू सुरू.

बाबांनी थाप मारली होती. पण पुढे कळलं की ती थाप शब्दाच्या अर्थापेक्षा खरी होती.

अर्थ सांगितला मास्तरने. तो गुजराती, सुरतेकडचा, मोठा हसरा माणूस. एक दिवस सकाळी पाणी मागायला आला आणि मायला कुंकू लावताना बघून त्याला हसू आवरेना. "अरे बेन, आ तो भंगार छे! साहेबने लिखा, के डबा हवे काम का नहीं. कंडम!" त्याची भाषा अशीच, गुजरातीत हिंदी, हिंदीत मराठी. पण भंगार हा शब्द मायला कळला. तिने कुंकवाचं बोट पदराला पुसलं. मग म्हणाली, "भंगार तं भंगार. लिखेल तं शे ना?" आणि उरलेल्या अक्षराला हळद लावून आत गेली.

मास्तरने ही गोष्ट येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना सांगितली. त्यातून तो शब्द आमच्या भागात पसरला, असं मी म्हणणार नाही. रेल्वे जिथे जिथे गेली तिथे तिथे तो गेलाच असणार. पण आमच्या ठेसनावरून तो गावात शिरताना मी माझ्या कानांनी ऐकला आहे. आधी गँगमधली माणसं फुटक्या घमेल्याला कंडम म्हणायला लागली. मग गाडीवान म्हाताऱ्या बैलाला. मग बाजारात मिरचीवाल्या बाया, ओल लागून काळी पडलेली मिरची पथारीवरून वेगळी काढताना, "ही कंडम, ही कंडम" म्हणत बाजूला टाकायच्या. डोंगरातून कामाला उतरणारी माणसं घरी त्यांची भाषा बोलायची, आम्हाला तिचं एक अक्षर कळायचं नाही, पण मध्येच तुटक्या कुऱ्हाडीकडे बोट दाखवून तीही म्हणायची, कंडम! शिळी भाकरी कंडम, गळकी छत्री कंडम, सासरा कंडम. एक म्हातारा तर स्वतःचे गुडघे चोळत म्हणायचा, "बठ्ठं कंडम व्हयी गयं, माय, पन भूक नही व्हयनी." सगळं झालं, भूक तेवढी झाली नाही.

आमच्यासाठी मात्र तो घराचा शब्द होता. शाळेत कुणी विचारलं, कुठे राहतेस, तर मी म्हणायची, कंडममध्ये. पोरं फिदीफिदी हसायची. मला त्याचं काहीच वाटायचं नाही. उन्हाळ्यात डबा असा तापायचा की पत्र्यावर पाणी टाकलं तर चर्र वाजायचं, म्हणून बाबांनी वर पऱ्हाट्यांचं छप्पर घातलं होतं. दुपारभर आम्ही निंबाखालीच. पावसाळ्यात मात्र त्याच्यासारखं घर नाही. बाहेर धो धो, आत एक थेंब नाही, आणि मायच्या चुलीवरची कळण्याची भाकरी. अजूनही कधी पावसात पत्र्याचा आवाज ऐकला की मला इतकी भूक लागते, इतकी आठवण येते, की काय सांगू!

माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठा भाऊ. मी त्याला भाऊच म्हणायची, तो मला बाई. अख्खं घर त्याच्यावर चालायचं म्हटलं तरी चालेल, म्हणजे कामाने नव्हे, हसण्याने. बाबा अबोल, माय फटकळ, आणि हा दोघांच्या मध्ये नकला करत बसलेला. मास्तरची नकल तर अशी करायचा की एकदा खुद्द मास्तर दाराबाहेर उभा राहून पोट धरून हसत होता. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, निंबाला झोका तोच बांधायचा, माझ्यासाठी. मी म्हणायची, "भाऊ, अजून उंच." तो म्हणायचा, "अजून उंच गई तं सुरतले उतरशी, बाई."

लहानपणी त्याचं बोट गेलं ते आमच्याच दारात. ते सरकतं दार जड. तो खेळता खेळता चौकटीला धरून उभा, आणि कुणीतरी दार ओढलं. उजव्या हाताचं, अंगठ्याजवळचं बोट चेचलं. बरं झालं, पण वाकडं आणि ताठ राहिलं, मिटेना की उघडेना. हे सगळं माझ्या जन्माआधीचं. मायच सांगायची की त्या वेळी ती घरावर रुसली होती. सडा घालायची, पण अक्षरांना हात लावायची नाही. मग एक दिवस स्वतःच म्हणाली, घराशी रुसून जायचं कुठे, आणि पुन्हा कुंकवाची कोयरी घेऊन उभी राहिली.

त्या बोटाने भाऊचं कधी काही अडलं नाही. तो बाबांच्याच गँगमध्ये लागला. सब्बल, फावडं, हातोडा, सगळं त्या वाकड्या बोटासकट चालवायचा. चहाची बशी धरताना ते बोट आपोआप वर राहायचं, एखाद्या साहेबासारखं, आणि तो मुद्दाम तसं धरून गोऱ्या साहेबाची नकल करायचा.

आणि मग लढाई सुरू झाली. दुसरी मोठी लढाई. आमच्याकडे लढाई म्हणजे काय, तर रॉकेल मिळेना, कापड मिळेना, आणि लष्कराच्या गाड्या ठेसनावर न थांबता धडधडत जायच्या. भरतीवाले नंदुरबारला आले. भाऊ दोघा-तिघा सोबत्यांबरोबर घरी न सांगता गेला. त्याला लढायचं होतं असं मला वाटत नाही. जन्मभर ज्या रुळांवर गिट्टी भरली ते रूळ कुठपर्यंत जातात, हे त्याला बघायचं होतं.

डॉक्टरने छाती मोजली, दात बघितले, आणि हात पुढे कर म्हणाला. ते बोट बघितल्याबरोबर मान हलवली. बंदुकीचा घोडा ओढायचं बोट तेच ना! बाजूला बसलेला कारकून म्हणाला, "कंडम. पुढचा ये." हे सोबत्यांनी येऊन सांगितलं.

मायला आधी राग आला, न सांगता गेला म्हणून. मग पुढचं ऐकलं आणि तिच्या आनंदाला पारावार राहिला नाही. ती धावत बाहेर गेली, दाराच्या चौकटीवरून हात फिरवला, जिथे बोट चेचलं होतं तिथेच, आणि म्हणाली, "मन्ही लक्ष्मी वं तू." मग वाटीत गूळ घेऊन निघाली. मास्तरला, गँगच्या माणसांना, पाणी भरायला आलेल्या बायांना, प्रत्येकाच्या हातावर गूळ ठेवत सांगत सुटली, "मन्हा आंडोर कंडम व्हयना! कंडम व्हयना वं माय!"

लोक हसले. हसणारच. पोरगा नापास झाला म्हणून गूळ वाटणारी आई कुणी बघितली होती? पण भाऊ निंबाच्या आडोशाला उभा राहून हे सगळं ऐकत होता, आणि त्याचा चेहरा मी बघितला. कुणाचीही नकल करणारा माझा भाऊ, त्या दिवशी त्याला स्वतःचा चेहरा सांभाळता येत नव्हता. तो जेवला नाही. माय म्हणाली, "जेव रे, राजा." तो म्हणाला, "कंडम डब्बाले काय भूक लागस?"

त्यानंतर तो शब्द त्याच्या मागेच लागला. लोकांच्या मनात वाईट नव्हतं, आमच्याकडे चिडवल्याशिवाय माया करता येत नाही. "काय कंडमभो, कथा चालना?" कुठे निघालास, असं कुणीही म्हणायचं. बैलाला म्हणतात, छत्रीला म्हणतात, मग माणसाला का नाही? तो हसायचा. पण चहाची बशी धरताना ते बोट आता बशीखाली लपवायचा. एका ठिकाणी सोयरिकीचं बोलणं चाललं होतं, तेही मोडलं. मुलीच्या बापाने म्हणे कुठेतरी ऐकलं की पोराला सरकारने कंडम ठरवलंय. सरकारने ठरवलं म्हणजे आत काहीतरी मोठंच असणार! बाबा दोन कोस चालून समजवायला गेले. त्या भल्या माणसाने चहा पाजला आणि परत पाठवलं.

एकाच घरात एकाच शब्दाचे दोन अर्थ झाले होते. मायला तो शब्द म्हणजे पोरगा घरी राहिल्याचा दाखला. भाऊला तो कपाळावरचा डाग. मला दोघांचंही कळत होतं आणि दोघांनाही सांगता येत नव्हतं. भाऊ कधी कधी लाइनीच्या कडेला बसून जाणाऱ्या गाडीकडे बघत राहायचा, आणि माय डब्याच्या दारातून त्याच्याकडे. तिला काय हवं होतं? एवढंच, की दिवस मावळला की त्या दारातून आत येणाऱ्यांत तो असावा. त्यापलीकडे तिने देवाकडे कधी काही मागितलेलं मला आठवत नाही.

लढाई लांबली. आणि एक दिवस हुकूम आला की लष्कराला रेल्वेची माणसं हवीत. समुद्रापलीकडे रूळ टाकायचे आहेत, बंदूक धरायची नाही. रूळ ठोकणाराला बोट कशाला बघायचं? या वेळी भाऊने घरी सांगून नाव दिलं. डॉक्टरने हात बघितले, घट्टे बघितले, आणि पाठीवर थाप मारली. पास.

घरी येऊन तो बऱ्याच दिवसांनी मोठ्याने हसला. मायसमोर दोन्ही हात पसरून म्हणाला, "देख माय, मी आते कंडम नही शे." माय भाकरी थापत होती. थापतच राहिली. भाकरी पातळ होत होत फाटली तरी तिचा हात थांबेना. मग बाबांनी तिचा हात धरला.

तिने त्याला अडवलं का नाही, असं मला पुष्कळांनी विचारलं आहे. अहो, अडवलं ना! रडली, भांडली, दोन दिवस चूल पेटवली नाही. पण तो म्हणाला, "माय, मी आठे ऱ्हायनू तं जलमभर कंडमच ऱ्हासू." तेव्हा तिने उठून चूल पेटवली. सुरतेकडच्या गाडीत तो बसला तेव्हा तिने खिडकीतून त्याला कुंकू लावलं. तेवढ्यात इंजिनाने हिसका दिला, कुंकू नाकावर सांडलं. त्याने लगेच नाकाचा शेंडा लाल झालेल्या गोऱ्या साहेबाची नकल केली. गाडी हलली तेव्हा आम्ही हसत होतो. देवाशपथ, हसत होतो.

माय म्हणायची, घर तर आहे ना, तो येईल तो इथेच येईल. बाकी सगळं हरवेल, पण हा डबा कोण नेणार? कंडम लिहिलंय त्यावर.

आणि त्याच वर्षी डबा न्यायला माणसं आली.

लढाईसाठी माल वाहायला डबे कमी पडत होते. साहेब लोक ठिकठिकाणी फिरून जुने डबे तपासत होते. आमच्याकडे आलेल्या साहेबाने हातातल्या हातोडीने आमचं घर ठोकून बघितलं. कोपरे ठोकले, तळ ठोकला, ज्या भिंतीला मायची मांडणी होती ती ठोकली. भांडी खणखणली. मग तो मास्तरला म्हणाला, हा चांगला आहे, चाकं बसवून चालेल. मास्तरने आमच्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. एरवी हसणारा तो माणूस त्या दिवशी तीन-तीनदा चष्मा पुसत होता.

आमचं घर पास झालं होतं. भाऊसारखंच. लोक वाईट झालं की रडतात, आमच्या घरात चांगलं ठरलं की रडायची पाळी यायची.

आम्ही भांडी, गोधड्या, आमच्या कानबाई देवीचा चौरंग, सगळं निंबाखाली मांडलं. अक्षरं पुसायला नंदुरबारहून रंगारी बोलावला होता. मुसलमान होता, वयाने बाबांएवढा, टांगे आणि दुकानाच्या पाट्या रंगवायचा. ब्रश बुडवून तो पुढे झाला आणि हळद-कुंकू बघून थबकला. "भाभी, इसपे तो पूजा की है. कैसे मिटाऊँ?" त्याने मास्तरकडे बघितलं, मास्तरने साहेबाकडे. साहेबाने घड्याळाकडे. मग मायच म्हणाली, "मिटाड भाऊ. तुन्हा काय गुन्हा शे?" त्याने आधी अक्षरांना लावलेला हात डोळ्यांना लावला आणि मगच ब्रश फिरवला. शेवटचं पोट सुटलेलं अक्षर दिसेनासं झालं तेव्हा मायने इतका वेळ तोंडाशी धरून ठेवलेला पदर सोडला.

मग ती एकदम उठली. म्हणाली, "भाऊ, तेच अक्षर माले आठे लिखी दे." डब्याखालच्या स्लीपरांपैकी एक फुटला होता, त्याची फळी निघाली होती. ती तिने पुढे केली. साहेब हसला, मास्तर काहीतरी बोलायला गेला, पण माय कुणाकडे बघत नव्हती. "मन्हा पोऱ्या ईल. घर नही दिसनं तं तो पुढं निंघी जाई. हाई देखी का त्याले वळख पटी." हे बघून त्याला ओळख पटेल. वाचता येत होतं कुठे भाऊला तरी? पण जन्मल्यापासून ती अक्षरं दाराशी बघितलेली, वाचायची गरजच काय?

रंगाऱ्याला इंग्रजी येत नव्हतं. नुकतीच आपल्या हाताने पुसलेली अक्षरं आठवत, डोळे मिटून, पुन्हा उघडून, त्याने ती फळीवर काढली. जीव लावून काढली. त्याने पैसे घेतले नाहीत, मायने ताक दिलं ते प्यायला आणि गेला.

डबा उचलला, चाकांवर ठेवला, आणि इंजिनाने ओढत नेला. आमचं घर आमच्यासमोर वळणापलीकडे गेलं. निंबाखाली गवत न उगवलेला चौकोन तेवढा राहिला. बाबांनी त्याच चौकोनावर झोपडी बांधली. मास्तर म्हणाला, जरा पलीकडे सावलीत बांध. माय म्हणाली, नाही, इथेच. दाराशेजारी ती फळी ठोकली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तिला हळद-कुंकू लागलं.

लढाई संपली. भाऊबरोबर गेलेल्यांपैकी काही परत आले. एक म्हणाला, त्याला दुसऱ्या तुकडीत हलवलं होतं. दुसरा म्हणाला, त्या तुकडीचं काही कळलं नाही. यापुढे सांगण्यासारखं सरकारकडेही काही नव्हतं. मालगाडी आली की माय हातातलं काम टाकून उभी राहायची. आधी डबे बघायची, आपला त्यात आहे का. मग गाडी थांबली तर उतरणारी माणसं. दोन्हींपैकी काहीही दिसलं नाही की म्हणायची, "आज नही."

तिने त्याचं नाव घेणं हळूहळू बंद केलं. आम्हीही. नाव घेतलं की पुढे काय म्हणायचं हा प्रश्न यायचा, 'आहे' की 'होता'. पण आमच्याकडे श्रावणात कानबाई बसते, आणि रोटाच्या नैवेद्यासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे असतात. माय बाबांचे सव्वा मूठ घ्यायची, आणि मग नाव न घेता आणखी सव्वा मूठ. पुढे बाबा गेले. त्या श्रावणात बाबांची मूठ थांबली. भाऊची थांबली नाही.

मी शिकले, मास्तरीण झाले. पहिल्यांदा शाळेतला जाडा इंग्रजी कोश हाती आला तेव्हा मी तोच एक शब्द शोधला. पूर्ण शब्द 'कंडेम्ड', आमच्या तोंडी त्याचं कंडम झालेलं. त्याचं मूळ लॅटिनात, आणि मूळ अर्थ नुकसान, दंड. डॅमेज त्याचाच भाऊबंद, आणि साहेबाच्या तोंडची ती शिवी, डॅम, तीही त्यातलीच. आधी तो कोर्टातला शब्द होता, माणसाला दोषी ठरवायचा. मग धर्माच्या लोकांनी तो नरकात नेला. मग फाशीची शिक्षा झालेल्याला तो लागला. मग कुणीतरी तो कुजलेल्या धान्याला, मोडक्या जहाजांना, पडक्या घरांना लावला, आणि तसा फिरत फिरत तो आमच्या निंबाखाली आला. इंग्रजीत त्या शब्दाला ठरवणारा कुणीतरी लागतो. न्यायाधीश, पाद्री, साहेब. आमच्याकडे आल्यावर तो ठरवणाराच गळून गेला. आमच्याकडे वस्तू आपली आपण कंडम होते, म्हातारपणासारखी, कुणाचाही त्यात दोष नसतो. मला वाटतं, आमच्या लोकांनी त्या शब्दाची शिक्षा माफ केली. हे भाऊला सांगायला हवं होतं. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं असतं आणि मग माझी नकल केली असती.

कोशात बघताना आणखी एक गोष्ट लक्षात आली. फळीवर एक अक्षर कमी होतं. 'एम'नंतर एक 'एन' असतो, तो रंगाऱ्याकडून सुटला होता. सुट्टीत घरी गेल्यावर मी हे सहज म्हणून मायला सांगितलं. ती घाबरली. "मंग त्याले वळख नही पटी का?" मी म्हटलं, "अगं माय, ते अक्षर बोलायचं नसतंच. नुसतं लिहायचं असतं."

तिने अक्षरांवरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "मंग ते तं जोयजेच." पाहिजेच.

शाळेतला खडू पिशवीत होताच. मी दोन अक्षरांच्या मधल्या फटीत तो 'एन' बसवला, बारकासा, अंग चोरून उभा राहिलेला. मी म्हटलं, उद्या रंग आणून पक्का करते. ती म्हणाली, "नको. तो उना का तोच देई पक्का रंग." तो आला की.

माय गेली त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. ते ठेसन बदललं, निंब तोडला. फळी नंदुरबारला माझ्या दारावर आहे. नवा पोस्टमन आला की हसतो, "बाई, घरावर कंडम काय लिहून ठेवलंय?" शेजारची मुलं म्हणतात, आजी, तुमचं स्पेलिंग दर पावसाळ्यात चुकतं, एकदा ऑइलपेंट मारून टाका की. मी म्हणते, मारणारा यायचाय.

काल पाऊस झाला. आज सकाळी बघितलं तर ते अक्षर गेलेलं. खुर्ची ओढली, भिंतीला धरून वर चढले, आणि खडूने पुन्हा लिहिलं.